ओल्या कपड्यांचे ओझे

पावसाळा आला की घरोघर एकच प्रश्न पडतो. धुतलेले कपडे वाळत घालायचे कोठे? अंगणात पाऊस. खोलीत आडवी दोरी बांधावी तर येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाला ओली बाही लागते. म्हणून पुष्कळ लोक भिंतीवर बसवायचा स्टँड आणतात. भिंतीला दोन लोखंडी हात आणि त्यांवर चारपाच आडव्या दांड्या. आम्हीही तसा एक आणला.

आम्ही जन्मभर शाळेत शिकवले. तरफेचा धडा फळ्यावर किती वेळा काढला, त्याची मोजदाद नाही. एवढ्याशा कामाला दुसऱ्याला कशाला बोलवा, असे म्हणून आम्हीच चार भोके पाडली, स्क्रू पिळले आणि मोकळे झालो. तिसऱ्या दिवशी कपड्यांसकट स्टँड खाली आला! त्याच्याखाली आमची नात अभ्यासाला बसत असे. त्या वेळी ती पाणी प्यायला उठली होती, म्हणून वाचली.

संध्याकाळी सुतारमामांना बोलावले. आम्ही म्हणालो, "मामा, स्क्रू तर चांगले होते."

ते भोकात बोट घालून म्हणाले, "स्क्रूचं काही चुकलं नाही, गुरुजी. तुम्ही ते गिलाव्यात बसवलेत. गिलावा म्हणजे भिंतीचा सदरा. सदऱ्याला धरून कोण किती लोंबकळणार? विटेला धरायला पाहिजे."

आमची चूक आम्हाला समजली. ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून नीट सांगतो.

पहिली गोष्ट वजनाची. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. कपडे हाताने कितीही पिळले तरी पाणी उरतेच. सुती कपड्यांत ते जवळजवळ कपड्यांच्या वजनाइतके असते. म्हणजे पाच किलो कोरडे कपडे ओले झाले की दहा किलो होतात.

दुसरी गोष्ट तरफेची. भरलेली बादली अंगाजवळ धरून पाहा आणि मग हात लांब करून धरा. बादली तीच, पण हात लगेच भरून येतो. स्टँडचेही तसेच आहे. समजा, स्टँड भिंतीपासून 45 सेंटिमीटर पुढे आला आहे. वरच्या व खालच्या स्क्रूंत 15 सेंटिमीटर अंतर आहे. अगदी पुढच्या दांडीवर दहा किलो वजन टाकले, तर वरच्या दोन स्क्रूंना मिळून तीस किलोची ओढ बसते. ही ओढ स्क्रूंना भिंतीतून बाहेर खेचते. नुसता गिलावा तेथे टिकत नाही.

आता बसवायची रीत पाहू.

जागा हवेशीर असावी. खिडकीजवळ किंवा गॅलरीत उत्तम. चुलीवर किंवा शेगडीवर कधीही नको. घरातील सर्वांत बुटक्या मोठ्या माणसाचा हात पोचेल इतकीच उंची ठेवावी. विजेच्या बटणांच्या सरळ वर, खाली किंवा बाजूला भोक पाडू नये. भिंतीच्या आतून वायर गेलेली असते. नळाच्या वरही पाडू नये, आत पाइप असतो. स्टँड लोखंडी असेल तर विजेची वायर त्याला कोठेही लागता कामा नये. ओले कपडे आणि वीज यांची गाठ पडली तर माणूस जातो.

दोन्ही बाजू सारख्या उंचीवर हव्यात. त्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरावे. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहते. तेथे पेन्सिलीने खूण करावी.

मग यंत्राने भोक पाडावे. डोळ्यांना चष्मा लावावा. आधी सिमेंटची करडी धूळ येते. लाल धूळ येऊ लागली की वीट लागली असे समजावे. वीट लागल्यावर आणखी पाच सेंटिमीटर तरी आत जावे. भोकात बसवायचा प्लॅस्टिकचा गट्टू आठ मिलिमीटरचा असेल तर भोकही आठ मिलिमीटरचेच हवे. आतली धूळ काढून टाकावी, नाहीतर गट्टू घट्ट बसत नाही. गट्टू ठोकून आत घालावा आणि लांब स्क्रू पिळावा. स्क्रू नुसताच फिरत राहिला तर ते भोक सोडून द्यावे व जागा बदलावी. भिंत मातीची किंवा पत्र्याची असेल तर हा नाद करू नये. जमिनीवर ठेवायचा स्टँड आणावा.

शेवटी परीक्षा. दहा लिटर पाण्याने भरलेली बादली स्टँडला एक दिवस टांगून ठेवावी. तोवर खाली कोणाला बसू देऊ नये. स्टँड हलला नाही तर तो पास झाला.

त्यानंतर घरच्यांना एक नियम सांगावा. चादर, लुगडे, जाड कपडे भिंतीजवळच्या दांडीवर. रुमाल, झबली पुढच्या दांडीवर. दर पावसाळ्यापूर्वी स्क्रू घट्ट आहेत की नाही ते पाहावे.

आमचा स्टँड आता मामांनी विटेत बसवला आहे. तरीही नातीचा पाट आम्ही तेथून हलवला. जड वस्तूखाली मूल बसवू नये, हे कळायला काही तरफेचा धडा लागत नाही.