गच्चीवर सोलर, रेडिओत घरघर

ज्याच्याकडे नवं सोलर बसलंय त्याच्या घरी जाताना मी पिशवीत सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर टाकतो. माझ्याकडे हॅम रेडिओचा परवाना आहे. त्यामुळे 'सोलरच्या रेडिएशनचं काय हो?' असं विचारायला गल्लीतले लोक मलाच गाठतात.

काळजी असते तब्येतीची, आणि मला ती अनाठायी वाटते. पॅनेल उन्हापासून डीसी वीज देतं, स्वतःहून रेडिओलहरी सोडत नाही. इन्व्हर्टरला वायफाय असलंच तर ते घरातल्या राउटरसारखंच. कानाला तासभर मोबाइल लावणारी मंडळी इन्व्हर्टरला भितात, याची मला गंमत वाटते.

रेडिओचं मात्र खरंच बिघडू शकतं. डीसी विजेची एसी करताना इन्व्हर्टरमधले स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात. त्या झटक्यांचे पडसाद पार काही मेगाहर्ट्झपर्यंत उमटतात. फिल्टर नीट नसेल तर ते वायरीत शिरतात आणि गच्चीवरून खाली आलेली लांबलचक वायर आयती एरियल होऊन बसते. प्रत्येक पॅनेलमागे ऑप्टिमायझर नावाचा छोटा कन्व्हर्टर असेल तर असे स्विच आणखी वाढले. मग आकाशवाणी पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झवर घरघर येते आणि माझ्या ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लांबचा क्षीण आवाज बुडून जातो. एफएमवर सहसा एवढा त्रास जाणवत नाही.

चोर पकडणं सोपं आहे. ट्रान्झिस्टरचा काटा मध्यम लहरींवर, दोन केंद्रांच्या मधे ठेवायचा आणि घरघर वाढते का ते ऐकत इन्व्हर्टरकडे चालत जायचं. ऊन उतरल्यावर घरघर थांबली तर संशय सोलरवर. एका घरी दिवेलागणीनंतरही आवाज तसाच होता. शोधता शोधता देवघरातल्या एलईडी माळेचा अडॅप्टर सापडला!

तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान सगळ्यांना तोंडपाठ असतं; सीआयएसपीआर ११ हे रेडिओ-गोंगाटाचं मानक कुणी विचारत नाही. त्याच्या २०१५च्या आवृत्तीत इन्व्हर्टरच्या डीसी बाजूलाही गोंगाटाची मर्यादा घातली आहे. कोटेशन घेतानाच हे मानक पाळणारा इन्व्हर्टर मागावा. प्लस-मायनसच्या वायरी शेजारी-शेजारी न्यायला सांगावं, म्हणजे त्यांची एरियल सहजासहजी होत नाही. घरघर आलीच, तर फेराइटच्या कड्यांतून वायरीचे वेढे घेतल्याने बराच फरक पडतो. पण ते काम फिटरकडूनच करून घ्या. मेन स्विच पाडला तरी उन्हात पॅनेलकडच्या वायरीत शेकडो व्होल्ट असू शकतात.