सवयीची कसोटी

अंगवळणी पडलेली गोष्ट सुखाची वाटते, आणि सुखाची वाटते म्हणून ती बरोबरही वाटू लागते. व्यक्तीप्रमाणेच शास्त्रांनाही अशा सवयी जडतात. क्षयरोगाच्या उपचारांची कथा याची साक्ष देते.

१८५४ साली जर्मन वैद्य हेर्मान ब्रेमर याने डोंगराळ प्रदेशात आरोग्यधाम काढले. तेव्हापासून मोकळी हवा, सकस आहार आणि महिनोन्महिने अंथरुणावरील विश्रांती हाच क्षयावरील उपचार मानला जाई. त्या काळी रोगजंतूंना मारणारे औषध नसल्याने हा विचार गैर नव्हता. पुढे स्ट्रेप्टोमायसिन व १९५२ साली आयसोनियाझिड ही औषधे हाती आली. आरोग्यधामाची रूढी मात्र टिकून राहिली. भारतात रुग्ण लक्षावधी आणि खाटा थोड्या. शिवाय घरचा कर्ता पुरुष वर्षभर दूर राहिल्यास घरची चूल पेटावी कशी?

या प्रश्नाचा निर्णय करण्यासाठी १९५६ साली मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई, येथे क्षयरोग रासायनिक चिकित्सा केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा हा संयुक्त उपक्रम होता, डॉ. वॉलेस फॉक्स हे त्याचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निःपक्षपाती रीतीने रुग्णांचे दोन गट पाडण्यात आले. दोन्ही गटांना वर्षभर औषधे सारखीच मिळाली. एका गटाला आरोग्यधामातील विश्रांती व उत्तम आहार लाभला; दुसरा गट शहरातील दाटीवाटीच्या घरांतच राहिला. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरोग्यधामात शेकडा ९२, तर घरी शेकडा ८६ रुग्णांचा रोग शांत झाला होता. घरच्या माणसांना होणारा संसर्गही वाढला नव्हता. कारण संसर्गाचा खरा धोका उपचारापूर्वीच्या काळात असतो. १९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने घरगुती उपचारांचा स्वीकार केला.

आता सवय मोडण्याची पाळी रुग्णाची होती. खोकला थांबला, वजन वाढले, की माणूस गोळ्या सोडतो. पण शरीरात काही जंतू उरलेले असतात. ते पुन्हा बळावतात, आणि औषध अनियमित घेतल्यास त्याला दाद न देणारे जंतूही फोफावतात. म्हणून केंद्राचे कार्यकर्ते अवचित घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत आणि लघवी तपासून औषध पोटात गेले की नाही हे पाहत. पुढे आठवड्यातून दोनदा, कर्मचाऱ्यांच्या देखत औषध देण्याची पद्धतही येथेच पारखली गेली; १९६४ साली तिचे यश सिद्ध झाले.

नंतर भारतात आठवड्यातून तीनदा औषध देण्याची प्रथा पडली. २०१७ साली तीही मागे पडली आणि देशभर दैनिक मात्रा सुरू झाली. जुनी सवय मोडून लावलेली नवी सवयही कसोटीपासून सुटत नाही. सवय सोयीची आहे की हितकारक आहे, हे तुलना करून पाहावे लागते. आणि उत्तर मिळाल्यावर ते रोजच्या एका गोळीइतक्या नेमाने पाळावे लागते.