चुलीचा धूर आणि गृहिणीचा दम

"विडीला कधी हात लावला नाही, मग दम का लागतो?" असे पन्नाशीच्या स्त्रिया मला विचारतात. मी विचारतो, "स्वयंपाक कशावर करता?" लाकूड-गोवऱ्यांच्या धुरातील सूक्ष्म कणांनी श्वासनलिका हळूहळू सुजून अरुंद होतात. हा विकार पूर्ण बरा होत नाही. धूर टळला तर त्याची वाढ मंदावते.

गरीब स्त्रियांना अनामत रकमेविना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना केंद्र सरकारने १ मे २०१६ रोजी सुरू केली. पण पुढचे सिलिंडर परवडत नाही, म्हणून कित्येक घरांत गॅस पाहुण्यांच्या चहापुरताच पेटतो. कर्त्या पुरुषांनी विडी-तंबाखूचे पैसे सिलिंडरसाठी वळवावेत. चूल पेटवावीच लागली तर दारे-खिडक्या उघड्या ठेवा, मुलांना दूर बसवा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकी जरूर तपासून घ्या. तो क्षयही असू शकतो.