तेलाची दांडी आणि लोहगडवाडीचा चढ

मराठी विभागासाठी लेख दे, असं मला सांगण्यात आलं तेव्हा रूममेट पोट धरून हसली. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे मराठीत मी 'ळ' आणि 'ल' यांच्यात अजूनही अडखळते. पण हा किस्सा इंग्रजीत सांगायचा म्हणजे त्यातली अर्धी मजा जाणार, कारण मला त्या दिवशी जे ऐकून घ्यावं लागलं ते शुद्ध मावळी मराठीत होतं. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

तर झालं असं. माझे मामा तळेगावला राहतात. त्यांच्याकडे अबार्थ पुंटो आहे. ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी सांगते, ही दिसायला साधी पुंटो, पण आत १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि १४५ हॉर्सपॉवर. २०१५ साली फियाटने ही आपल्याकडे आणली आणि ती बनायची कुठे, तर आपल्या रांजणगावला! आता ती बनत नाही, म्हणून मामा तिला लेकीसारखी जपतात. (खऱ्या लेकीपेक्षा जास्त, असं मामी म्हणते.) आमच्या वर्कशॉपचे सर म्हणतील की ही स्पोर्ट्स कार नव्हे, चार दारं असलेली गाडी स्पोर्ट्स कार कशी? असो. आमच्या घरात ती स्पोर्ट्स कारच आहे.

मी मेकॅनिकलला आहे, म्हणून या वेळचं ऑइल चेंज मीच करणार असा मी हट्ट धरला. शनिवारी दुपारी गाडी थोडी गरम केली, कारण गरम तेल पातळ असतं आणि घाण बरोबर घेऊन उतरतं. खालचा ड्रेन प्लग काढला, काळं तेल घमेल्यात घेतलं, नवा फिल्टर लावला, प्लगला नवा वॉशर टाकला आणि वरून नवं तेल ओतलं. दांडी काढली, पुसली, घातली, परत काढली. तेल बरोबर मॅक्सच्या रेघेवर. मी फोटो काढून हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकला.

इथे माझी पहिली चूक झाली होती, आणि मला ती कळलीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार. माझी एक मैत्रीण लोहगडवाडीची. तिच्या घरी जेवायचं आणि गड बघायचा असा बेत ठरला. मामांनी गाडीची किल्ली दिली, आणि ती देताना जो चेहरा केला तो मी कधी विसरणार नाही. मळवली, भाजे आणि मग तो प्रसिद्ध चढ. ज्यांनी मळवली स्टेशनवरून चालत लोहगड केलाय त्यांना तो रस्ता पायांच्या पोटऱ्यांनी आठवत असेल. गाडीने जाताना पहिला-दुसरा गिअर सोडून काही चालत नाही. एका बाजूला विसापूर, समोर लोहगड, आणि गडाची ती लांब सोंड, विंचूकाटा. गंमत बघा, अबार्थच्या बॉनेटवर पण विंचूच आहे. ही कंपनी १९४९ साली इटलीत सुरू करणाऱ्या कार्लो अबार्थची रास वृश्चिक होती म्हणून तो आला. मी विंचवाला विंचू दाखवून फोटो काढायचा असं ठरवून गेले होते.

२०२५ च्या जुलैमध्ये लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, अकरा इतर किल्ल्यांबरोबर. रविवारी वाडीत गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे नशीब. मला मिळाली ती मैत्रिणीच्या घराशेजारच्या चढावर, गाडीचं तोंड वर. इंजिन बंद केलं आणि डोक्यात किडा वळवळला. आयुष्यातलं पहिलं ऑइल चेंज, त्यात एवढा चढ. ड्रेन प्लग नीट बसला असेल ना? लगेच बॉनेट उघडलं, दांडी काढली, पुसली, घातली, काढली.

तेल मिनच्याही खाली! नुसतं टोक ओलं.

माझ्या पोटात गोळा आला. खाली वाकून बघितलं, एक थेंब गळलेला नाही. मग तेल गेलं कुठे? जळालं? टर्बोने प्यायलं? डिकीत उरलेल्या तेलाचा डबा होता. विचार न करता मी त्यातलं अर्धा लिटर ओतलं. आता परत मोजणार एवढ्यात मैत्रिणीचे वडील बाहेर आले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी अनेक वर्षं मळवलीवरून वडापची जीप चालवली. त्यांनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्या हातातल्या दांडीकडे बघितलं आणि म्हणाले, "पोरी, गाडीचं तोंड आभाळाकडं, आन् तू त्याल मोजतीस व्हय?"

दोन सेमिस्टर फ्लुइड मेकॅनिक्स शिकलेली मी गप्प.

आता जरा त्यातलं गणित सांगते, कारण घरी आल्यावर मी ते वहीत मांडलं आणि मलाच लाज वाटली. इंजिनाच्या तळाशी जे भांडं असतं त्याला सम्प म्हणतात. तेल त्यात साठतं. दांडी या भांड्यात एका ठिकाणी उतरते, आणि ती जागा क्वचितच बरोबर मधोमध असते. गाडी तिरकी झाली तरी तेलाचा पृष्ठभाग आडवाच राहणार, ताटातल्या आमटीसारखा. म्हणजे एका बाजूला तेल चढतं, दुसऱ्या बाजूला उतरतं. किती? दांडीचं मध्यापासूनचं अंतर गुणिले चढाच्या कोनाचा टॅन. समजा दांडी मध्यापासून ८ सेंटिमीटर पुढे आहे आणि चढ आठास एक आहे, तर दांडीवर बरोबर १ सेंटिमीटर तेल कमी दिसेल. आता मिन आणि मॅक्समधलं अंतर समजा २ सेंटिमीटर. बऱ्याच गाड्यांत या दोन रेघांमध्ये साधारण एक लिटर तेल मावतं. म्हणजे नुसत्या चढामुळे अर्धा लिटर तेल 'गायब' झालं. ते सम्पच्या मागच्या बाजूला निवांत बसलं होतं.

हे पूर्ण कारण नाही. चढून आल्याआल्या मी दांडी काढली, म्हणजे इंजिन बंद होऊन मिनिटसुद्धा झालं नव्हतं. चालत्या इंजिनात तेल वर सिलिंडर हेडमध्ये, कॅमशाफ्टवर, सगळ्या नळ्यांत पसरलेलं असतं. ते गळत खाली यायला पाच-दहा मिनिटं लागतात.

आणि तिसरं कारण म्हणजे शनिवारची ती पहिली चूक. नवा फिल्टर रिकामा असतो. तेल ओतल्यावर इंजिन सुरू न करताच मी मोजलं, तेव्हा सगळं तेल सम्पमध्ये होतं, म्हणून ते मॅक्सला टेकलं. नंतर इंजिन सुरू झालं, पंपाने फिल्टर भरला, त्यात पाव लिटरच्या आसपास तेल गेलं आणि पातळी तेवढी उतरली. म्हणजे माझी गाडी मुळात पाऊण भरलेली होती, जे अगदी उत्तम होतं. चढाने त्यात अर्धा लिटरचा खोटा खड्डा दाखवला, घाईने उरलेला. मी मात्र तो खड्डा खऱ्या तेलाने भरला.

अण्णांनी गाडी हळूच खाली घ्यायला लावली. पावसाळा संपल्यावर काही जण शेताचा तुकडा सपाट करून पार्किंगला देतात, तिथे. दहा मिनिटं थांबलो. "घाई करू नगं, चहा पी," म्हणाले. चहा पिऊन दांडी काढली, तर तेल मॅक्सच्या वर अर्धा सेंटिमीटर! पाऊण आणि अर्धा मिळून सव्वा, हिशोब तंतोतंत जुळला. फिजिक्सचा प्रयोग कधी इतका बरोबर आला नव्हता.

तुम्ही म्हणाल, पाव लिटर जास्त झालं तर काय बिघडलं? मलाही आधी तसंच वाटलं. कमी तेल वाईट हे सगळ्यांना माहीत असतं, जास्तीचं तेल म्हणजे आपण लाडच केले असं वाटतं. पण सम्पच्या बरोबर वर क्रँकशाफ्ट फिरत असतो, मिनिटाला हजारो फेरे. पातळी फार वर गेली की तो तेलाला फटके मारायला लागतो आणि तेलाचा फेस होतो, ताक घुसळल्यासारखा. फेस म्हणजे हवा. पंप तेलाबरोबर हवा ढकलतो आणि बेअरिंगवर हवी तशी फिल्म बनत नाही. छोट्या टर्बोचा शाफ्ट जोरात असताना मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्याच्या नशिबी फेस आला तर? शिवाय जास्तीच्या तेलाचे तुषार ब्रीदरच्या नळीतून हवेच्या वाटेत जातात, तिथून इंजिनात जळतात, आणि मागून निळा धूर. तो धूर पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो. पाव लिटरने लगेच हे सगळं होईलच असं नाही, पण खाली उतरून मग एक्स्प्रेसवेचा मोह झाला असता तर? मामांची गाडी आहे हो!

कमी तेलाचं दुखणं स्पोर्ट्स कारमध्ये जास्त का, तेही याच टॅनमध्ये आहे. जोरात ब्रेक मारला किंवा वळण घेतलं की तेलाला वाटतं गाडी तिरकी झाली. ०.९ जी एवढा ब्रेक मारला तर तेलाचा पृष्ठभाग जवळजवळ ४२ अंश कलायला बघतो. लोहगडवाडीचा चढ त्यापुढे काहीच नाही. त्या क्षणी पंपाचं तोंड उघडं पडलं तर हवाच ओढणार. म्हणून सम्पमध्ये आडवे पत्रे घालतात, आणि रेसिंगच्या गाड्यांत तर तेल इंजिनाखाली ठेवतच नाहीत. वेगळी टाकी आणि ते ओढून टाकीत नेणारा वेगळा पंप, याला ड्राय सम्प म्हणतात. जुन्या एअर-कूल्ड पोर्शे ९११ ची अशीच टाकी होती आणि तिची दांडी उलट्या नियमाने बघायची असते: तेल पूर्ण गरम, गाडी सपाटीवर आणि इंजिन आयडलला चालू! कारण बंद केलं की टाकीतलं तेल हळूहळू इंजिनात उतरतं. थंड असताना दांडी कोरडी दिसते, नवशिका मालक घाबरून तेल ओततो आणि जास्त करून ठेवतो. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. माझ्या चुकीला पोर्शेवाले पण सोबतीला आहेत. म्हणून ज्या गाडीचं तेल बघायचं तिचं पुस्तक आधी उघडायचं. काही नव्या गाड्यांत तर दांडीच नसते, सेन्सर स्क्रीनवर सांगतो, पण त्यालाही सपाट जमीनच लागते.

हॉस्टेलच्या पार्किंगमधल्या बुलेटवाल्यांनो, तुम्हीही हसू नका. साइड स्टँडवर तिरकी उभी करून काचेतून तेल बघणारे मी चार जण तरी पाहिलेत. गाडी सरळ उभी करा, मग काचेत बघा. आणि स्प्लेंडरवाल्यांनो, ती दांडी मोजताना आटे फिरवून घट्ट करायची नसते, नुसती टेकवायची असते.

बरं, जास्तीचं तेल काढायचं कसं? प्लग सैल करून थोडंसं सोडणं दिसतं तेवढं सोपं नाही, गरम तेलाची धार कोपरापर्यंत येते. अण्णांनी घरातून गुरांच्या औषधाची मोठी सिरिंज आणली, तिला सलाइनची नवी नळी जोडली आणि ती दांडीच्या भोकातून खाली सोडली. पन्नास मिलीची सिरिंज, सहा वेळा. तीनशे मिली तेल बाटलीत आलं. मग इंजिन एक मिनिट चालू, बंद, परत दहा मिनिटं, परत दांडी. नवं तेल इतकं पारदर्शक असतं की रेघ दिसतच नाही. अण्णांनी दांडी पांढऱ्या कागदावर टेकवली आणि दोन्ही बाजू बघायला लावल्या. काढताना नळीला घासून एक बाजू उगाच वरपर्यंत ओली होते, म्हणून जी बाजू कमी दाखवते ती धरायची. मॅक्सच्या किंचित खाली. अण्णा म्हणाले, "आता ऱ्हाऊ दे."

मग पिठलं-भाकरी झाली, गड मात्र अर्धाच झाला. विंचूकाट्यापर्यंत जायला वेळ उरला नाही, फोटो राहिला.

संध्याकाळी मामांना सगळं सांगून टाकलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पूर्ण थंड, अंगण सपाट, तेव्हा त्यांनी मला दांडी काढायला लावली. तेल जागेवर होतं. मामांनी मान डोलावली, माझ्या हातातून दांडी घेतली, पुसली, आणि स्वतः परत एकदा घालून बघितली.