काचेच्या पेटीतून आलेली गाठ

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास सत्तावीस वर्षांचा एक तरुण दवाखान्यात आला. बँकेत नोकरी, प्रकृती धडधाकट. उजव्या हाताच्या तर्जनीच्या पेरावर वाटाण्याएवढी लालसर-जांभळट गाठ होती. फारशी दुखत नव्हती, खाजत नव्हती, ताप नव्हता. 'डॉक्टरसाहेब, महिना होऊन राहिला, हा फोड ना पिकत, ना बसत,' एवढीच तक्रार. मी फोडाचेच औषध दिले. पाच दिवसांच्या गोळ्या आणि मलम. गुण आला नाही. दुसरे प्रतिजैविक दिले, रक्तातील साखर तपासली. ती ठीक निघाली. मधल्या काळात त्याने कुणाच्या तरी सांगण्यावरून मेडिकलमधून एक ट्यूब आणून लावली. ती स्टेरॉईडची होती. चार दिवस लाली कमी झाली आणि मग गाठ पूर्वीपेक्षा वाढली.

तिसऱ्या खेपेस आई सोबत होती. गाठीवर आता खपली धरली होती आणि हाताच्या पाठीपासून कोपराकडे कातडीखाली आणखी तीन गाठी उठल्या होत्या, दोऱ्यात मणी ओवावेत तशा एका रेषेत. मुलाला बाहेर बसवून माउलीने हळू आवाजात विचारले, 'डॉक्टरसाहेब, खरं सांगा, हे महारोगाचं तर नाही ना? तुळशीच्या लग्नानंतर याचं जमवायचं आहे.'

वर्ध्यात हा प्रश्न कोणत्याही डॉक्टरला नवा नाही. मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले, परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजींनी सेवाग्राम आश्रमात स्वतः केली, गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान १९५१ पासून याच गावातून काम करीत आले. या रोगाविषयी इतके काम झालेल्या जिल्ह्यातही आईच्या मनात पहिली शंका तीच येते आणि ती लग्नाच्या बोलणीशी जोडूनच येते. (कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत होते, हे कित्येकांना ठाऊक नसेल. सरकारी दवाखान्यातील मोफत औषधांनी हा रोग त्याच्या कितीतरी आधीपासून पूर्ण बरा होत होता.)

मी मुलाला आत बोलावले. कापसाच्या बोळ्याने आणि टाचणीने गाठीवरची व आजूबाजूची संवेदना तपासली. ती शाबूत होती. कोपराच्या आतल्या बाजूची नस चाचपली, जाड नव्हती. अंगावर कुठे फिकट, बधिर चट्टा नव्हता. म्हणजे कुष्ठरोगाच्या बाजूने काहीच नव्हते. गाठी अशा रांगेने चढत गेल्या की काट्याकुट्यातून शिरणाऱ्या एका बुरशीचीही शंका घ्यावी लागते, म्हणून विचारले, 'गुलाबाची झाडं वगैरे लावता का?' उत्तर आईनेच दिले. 'बाग कुठली डॉक्टरसाहेब? मासोळ्या पाळून आहे नं तो. दर रविवारी ती काचेची पेटी धूत बसते.'

मग सगळे उलगडले. पहिली गाठ दिसण्याच्या साधारण तीन आठवडे आधी पेटी साफ करताना आतल्या खरबरीत दगडावर बोट सोलवटले होते. पाण्याने धुतले, विसरला. पहिल्याच दिवशी मी 'हाताने काय काय काम करता?' असे विचारले असते तर सहा आठवडे वाचले असते. बँकेतला माणूस म्हटल्यावर विचारावेसे वाटले नाही, ही चूक माझीच.

या आजाराचा जंतू मायकोबॅक्टेरियम मरिनम या नावाचा. क्षयाचा जंतू आणि कुष्ठरोगाचा जंतू ज्या कुळातले, त्याच कुळातला हा चुलतभाऊ. तो माशांना क्षयासारखा आजार करतो. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मेलेल्या माशांत आरोन्सन नावाच्या शास्त्रज्ञाला तो १९२६ मध्ये प्रथम सापडला. माणसाला तो होतो हे कळायला पुढची पंचवीस वर्षे गेली. १९५१ मध्ये स्वीडनमधील एका पोहण्याच्या तलावात कोपर-गुडघे खरचटलेल्यांच्या कातडीवर गाठी आल्या, तेव्हा ते लक्षात आले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले तेही १९५१ सालीच, हा निव्वळ योगायोग. घरातल्या फिशटँकपासून लागण झाल्याचे अमेरिकन डॉक्टरांनी १९६२ मध्ये लिहिले. पोहण्याच्या तलावांत नीट क्लोरीन घालू लागल्यावर तिकडची लागण ओसरली. फिशटँकमध्ये मात्र क्लोरीन चालत नाही, मासे मरतात. म्हणून तर आपण नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून किंवा औषधाचे थेंब टाकून क्लोरीन घालवतो आणि मग ते पेटीत भरतो. कोमट, संथ, अन्नाच्या कणांनी भरलेले पाणी जंतूला आयते मिळते. पेटीच्या काचेवर, दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर जो बुळबुळीत थर चढतो, त्यात तो राहतो.

धडधाकट कातडीतून हा जंतू आत जाऊ शकत नाही. त्याला खरचटलेली जागा, चीर, फुटलेली नखुरडी किंवा माशाच्या परांचा काटा टोचलेला लागतो. आत शिरल्यावर तो फार सावकाश वाढतो. गाठ दिसायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात, क्वचित कित्येक महिने. तोवर माणूस ते खरचटणे विसरून गेलेला असतो.

हा आजार हातालाच का? जंतूला ३० ते ३२ अंश सेल्सिअस तापमान मानवते. शरीराच्या आतले ३७ अंश त्याला सोसत नाहीत. बोटे, हाताची पाठ, कोपर, गुडघा हे भाग आतल्या अवयवांपेक्षा थंड असतात, तिथेच तो मुक्काम करतो. कुष्ठरोगाचा जंतूही याच कारणाने नाक, कानाची पाळी, कातडी आणि कातडीजवळच्या नसा धरतो. दोघांचे कूळ एक आणि आवडही एक, त्यामुळे डॉक्टरचीही फसगत होऊ शकते.

या तापमानाचा आणखी एक परिणाम रुग्णांना भोवतो. गाठीचा तुकडा तपासायला पाठवला की प्रयोगशाळेत नेहमीप्रमाणे तो ३७ अंशांवर ठेवतात. तिथे हा जंतू बहुधा उगवत नाही आणि 'काही सापडले नाही' असा अहवाल येतो. तुकड्यासोबतच्या चिठ्ठीत 'फिशटँकचा संबंध, ३० अंशांवरही ठेवावा' एवढे लिहिले तर निदान होते. सूक्ष्मदर्शकाखाली कधी क्षयासारखेच चित्र दिसते आणि रुग्णाला क्षयाच्या चार गोळ्या सुरू होतात. गंमत अशी की त्या चारांतील रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल ही दोन औषधे या जंतूवरही चालतात, म्हणून गुण येतो आणि 'क्षयच होता' असा सगळ्यांचा समज पक्का होतो. उरलेल्या दोन गोळ्या मात्र येथे निरुपयोगी. अंगावर क्षयरोगी म्हणून शिक्का बसतो तो वेगळाच. मांटू चाचणीवरही विसंबू नये. या जंतूमुळेही ती सकारात्मक येऊ शकते.

आमच्या तरुणाला मी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. तुकडा काढला, मासोळ्यांचे कारण चिठ्ठीत लिहिले आणि काही आठवड्यांनी जंतू उगवला. क्लॅरिथ्रोमायसिन आणि इथॅम्ब्युटॉल अशी दोन औषधे चार महिने चालली. पहिल्याने तोंडाला कडवट चव येते, दुसऱ्यासाठी डोळे तपासून घ्यावे लागतात. अडीच महिन्यांत गाठी सपाट झाल्या, तेव्हा त्याला औषध बंद करायचे होते. तसे करता येत नाही. गाठ दिसेनाशी झाल्यावरही एक ते दोन महिने औषध घ्यावेच लागते. लहानशी एकच गाठ असेल तर डॉक्सीसायक्लिन किंवा मिनोसायक्लिनसारखे एखादे औषधही कधी पुरते, पण ते तज्ज्ञांनी ठरवायचे. दुर्लक्ष केले तर जंतू बोटाच्या शिरांपर्यंत, सांध्यापर्यंत उतरतो, बोट वळत नाही आणि शस्त्रक्रिया करावी लागते. आजार एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही, हे त्या माउलीला दोनदा सांगितले. लग्न वैशाखात झाले.

हा आजार दुर्मीळ आहे. माझ्या इतक्या वर्षांच्या व्यवसायात मी ओळखलेला हा एकच रुग्ण. न ओळखलेले किती गेले असतील, देव जाणे. माशांपासून कातडीचे दुसरेही त्रास होतात आणि ते सावकाश येत नाहीत. मासोळी साफ करताना काटा टोचला आणि दोन-चार दिवसांत बोट जांभळे-लाल होऊन ठणकू लागले, तर तो वेगळा जंतू; त्यावर पेनिसिलिन चांगले चालते. बाजारात मासे विकणाऱ्या बाया, बोर आणि धामच्या जलाशयावर जाळे टाकणारे भोई-ढिवर बांधव यांना हे होऊ शकते. पाण्यातल्या जखमेनंतर एक-दोन दिवसांत हात झपाट्याने सुजला, लाली वर चढू लागली, ताप आला, तर घरी थांबू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मधुमेह, यकृताचा आजार असलेल्यांनी तर मुळीच थांबू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन वेळेवर झाले आहे का, तेही पाहावे.

फिशटँक आता आपल्याकडे वास्तूच्या नावाने, पोरांच्या हट्टाने घरोघर आली आहे. ती ठेवू नका असे मी म्हणत नाही. पेटी साफ करताना कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घाला. भांडी धुण्याचे मिळतात ते चालतील, फक्त भोक पडलेले नसावेत. हातावर जखम असेल तर ती भरेपर्यंत काम दुसऱ्याला सांगा. साधी चिकटपट्टी लावून हात पाण्यात घालू नका, तिच्या कडेने पाणी आत जाते. टोकदार दगड, फुटक्या काचेची कड, शिंपले काढून टाका. आमच्या तरुणाचे सगळे रामायण एका दगडाने घडवले. पाणी काढायला नळी तोंडाने ओढण्याची पद्धत सर्रास दिसते, ती सोडा. नळी आधी पाण्याने भरून घेतली की तोंड लावावे लागत नाही. स्वयंपाकाच्या मोरीत पेटी, स्पंज, दगड धुऊ नका. काम झाल्यावर हात साबणाने कोपरापर्यंत धुवा आणि खरचटले असेल तर वाहत्या पाण्याखाली नीट धुऊन जंतुनाशक लावा. ज्यांची सांधेदुखीसाठी, अवयवरोपणानंतर किंवा कर्करोगावर प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू आहेत, रोज स्टेरॉईडच्या गोळ्या आहेत किंवा एचआयव्ही आहे, त्यांनी मासे पाहावेत, पेटीत हात घालू नये. अशांच्या अंगात हा आजार खोलवर पसरू शकतो.

हातावरची गाठ तीन आठवड्यांत बसली नाही तर डॉक्टरांना मासोळ्यांविषयी आपण होऊन सांगा, ते विचारोत न विचारोत.

'मग ते मासे फेकून देऊ का?' हा प्रश्न त्या आईने विचारला होता. फेकायचे कारण नाही. निरोगी दिसणाऱ्या माशातही जंतू असू शकतो, म्हणून दिसण्यावर भरवसा ठेवू नये, पण रोडावलेला, अंगावर जखमा असलेला, पाठीचा कणा वाकलेला मासा दिसला तर तो हातमोजे घालून, जाळीने वेगळा काढावा. मेलेला मासा पेटीत राहू देऊ नये, दुसरे मासे त्याला टोचून खातात आणि आजार पसरतो. तो कागदात गुंडाळून खोल पुरावा. आणि कंटाळा आला म्हणून अख्खी पेटी धाम नदीत किंवा गावच्या विहिरीत रिती करू नये. ते मासे हौशी दुकानदार परत घेतात.