मिठाचा हिशेब

मालेगावला माझ्या खाला राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. ऑपरेशनचा दिवस ठरला. आम्ही सारे सकाळी दवाखान्यात जमलो. ऑपरेशनच्या आधी नर्सबाईंनी खालांच्या दंडाला पट्टा बांधला, त्यात हवा भरली आणि आकडा पाहून डॉक्टरांना बोलावले. आकडा होता 168 आणि 98. डॉक्टरांनी खालांना थोडा वेळ शांत बसवले व पुन्हा तपासले. तेव्हाही आकडा जवळजवळ तेवढाच आला.

"आज ऑपरेशन नको. आधी रक्तदाब खाली आणू," डॉक्टर म्हणाले.

खालांना नवल वाटले. त्यांचे डोके दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती. "मला तर काहीच होत नाही," असे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मुलांनो, उच्च रक्तदाबाची हीच मोठी अडचण आहे. बहुतेक वेळा तो काही त्रास देत नाही. म्हणून तो तपासल्याशिवाय कळत नाही.

रक्तदाब म्हणजे काय? आपले हृदय पंपासारखे काम करते. ते आकुंचन पावते तेव्हा रक्त जोराने वाहिन्यांत जाते. त्या वेळचा दाब म्हणजे वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडते. त्या वेळचा दाब म्हणजे खालचा आकडा. मोठ्या माणसात हे आकडे 120 आणि 80 च्या आसपास असले तर चांगले. वेगवेगळ्या दिवशी तपासूनही ते 140 आणि 90 किंवा त्याहून अधिक येत असतील, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. असा दाब वर्षानुवर्षे राहिला की हृदयावर ताण पडतो, मूत्रपिंडे म्हणजे गुर्दे खराब होतात. मेंदूतील एखादी रक्तवाहिनी बंद पडते किंवा फुटते आणि माणसाला अर्धांगवायू होतो. आपण त्याला लकवा म्हणतो. खालांच्या गल्लीत असा एक माणूस होता. त्याचा उजवा हात गेला आणि त्याचे यंत्रमागावरचे काम सुटले. त्यामुळे लकवा हा शब्द ऐकताच खाला गप्प झाल्या.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि विचारले, "अम्मा, मीठ किती खाता?"

"मी तर वरून मीठ घेतच नाही," खाला म्हणाल्या.

आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर हेच असेल. ताटात वरून वाढून घेतो तेवढेच मीठ, असे आपण समजतो.

मिठात सोडियम नावाचा पदार्थ असतो. जादा सोडियम लघवीवाटे बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडे करतात. रोजच मीठ जास्त झाले की हे काम त्यांना पुरे पडत नाही. मग शरीर पाणी धरून ठेवते. खारट खाल्ल्यावर तहान लागते, हे तुम्ही अनुभवले असेलच. वाहिन्यांतील रक्ताचे आकारमान वाढते आणि दाबही वाढतो. सर्वांवर याचा परिणाम सारखा होत नाही. वयस्कर माणसांना आणि ज्यांचा रक्तदाब आधीच वाढलेला आहे त्यांना तो अधिक जाणवतो.

मीठ हे काही विष नव्हे. शरीराला ते थोडे लागतेच. जुलाब झाले की मीठ-साखरेचे पाणी देऊन जीव वाचवतात. प्रश्न प्रमाणाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. 5 ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. सालन, रोटी, लोणचे, बिस्कीट हे सारे त्या एका चमच्यात बसले पाहिजे.

खालांच्या घरी कोण किती मीठ खातो, हे कसे मोजायचे? मी एक सोपी युक्ती केली. मिठाची एक किलोची नवी पिशवी फोडली, त्या दिवसाची तारीख तिच्यावर पेनने लिहिली. घरात पाच मोठी माणसे. पिशवी 19 दिवसांत संपली. 1000 ग्रॅमला आधी 19 ने भागले, मग 5 ने. उत्तर आले, माणशी रोज साडेदहा ग्रॅम! हा हिशेब अगदी काटेकोर नव्हे. थोडे मीठ सांडते, थोडे भाताच्या पेजेबरोबर जाते, पाहुणेही जेवून जातात. तरीही अंदाज येतो. तुमच्या घरी करून पाहा. पाच माणसांना एक किलो मीठ निदान 40 दिवस पुरले पाहिजे.

आणि या हिशेबात बाजारातून आलेले मीठ धरलेलेच नाही. पापड, लोणचे, सुकी मासळी, फरसाण, वेफर यांत मीठ भरपूर असते, हे जिभेला कळते. पण पाव, खारी आणि गोड बिस्किटे यांतही ते असते. ते जिभेला कळत नाही. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही सोडियम असते. नूडल्सच्या पुडीतील मसाला तर बराचसा मीठच असतो. पुडीच्या मागे बारीक अक्षरांत सोडियमचा आकडा छापलेला असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ किती ते समजते. समजा, 100 ग्रॅममागे सोडियम 900 मिलिग्रॅम लिहिले आहे. 900 गुणिले अडीच म्हणजे 2250 मिलिग्रॅम, अर्थात सव्वादोन ग्रॅम मीठ. दिवसाचा जवळजवळ निम्मा वाटा 100 ग्रॅम फरसाणातच संपला!

शेजारणींनी खालांना सैंधव मीठ खायला सांगितले. पण सैंधव किंवा काळे मीठ घेतले तरी त्यात मुख्य भाग सोडियमचाच. नाव बदलले म्हणून रक्तदाब फसत नाही. बाजारात कमी सोडियमचे मीठही मिळते. त्यात सोडियमऐवजी काही भाग पोटॅशियमचा असतो. ते अनेकांना उपयोगी पडते, परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना त्यापासून धोका होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारूनच ते आणावे.

खालांच्या सुनेने एकदम मीठ बंद केले नाही. तसे केले असते तर अळणी, म्हणजे बिनमिठाचे, जेवण कोणीच खाल्ले नसते. तिने दर आठवड्याला थोडे थोडे मीठ कमी केले. चपातीच्या कणकेत मीठ घालणे सोडले. सालनमध्ये लिंबू, चिंच, आले, लसूण, जिरे, कोथिंबीर वाढवली. पहिले पंधरा दिवस घरातल्या पुरुषांनी तोंडे वाकडी केली. नंतर तक्रार थांबली. जिभेला काही आठवड्यांत कमी मिठाची सवय होते. पुढे तर लग्नाच्या दावतीतले सालन खालूंनाच खारट लागले. मिठाची दुसरी पिशवी 31 दिवस पुरली. म्हणजे माणशी साडेसहा ग्रॅम. अजून वाट बाकी होती.

आहारात नुसते कमी करायचे नसते, काही वाढवायचेही असते. अमेरिकेत 459 माणसांवर केलेला एक प्रयोग 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांच्या जेवणात मीठ सारखेच ठेवले होते. पण एका गटाला भाज्या, फळे आणि कमी साईचे दूध-दही जास्त दिले, चरबी कमी दिली. आठ आठवडे हे जेवण घेतल्यावर या गटातील उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा नेहमीचे जेवण घेणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे 11 ने जास्त उतरला. दुसऱ्या प्रयोगात मीठही कमी केले, तेव्हा तो आणखी उतरला. यासाठी महाग फळे लागत नाहीत. केळी, पेरू, टोमॅटो, पालक, मेथी, डाळी यांत पोटॅशियम असते आणि ते सोडियमचा परिणाम कमी करते. खाला आता गोश्तमध्ये पालक किंवा दुधी घालतात.

दोन महिन्यांनी खालांचा आकडा 136 आणि 84 आला. सगळे खूश झाले आणि इथेच चूक झाली. "आता परहेज आहे, गोळी कशाला?" असे म्हणून खालांनी कोणाला न सांगता गोळी बंद केली. ऑपरेशनच्या दिवशी आकडा पुन्हा 162! ऑपरेशन दुसऱ्यांदा पुढे गेले. डॉक्टर नाराज झाले. आहारामुळे कधी कधी गोळीची मात्रा कमी करता येते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे असते. रमजानमध्ये गोळीच्या वेळा बदलाव्या लागतात, त्याही त्यांनाच विचारून. तो आमच्या घरातला सर्वांत वाईट दिवस होता. खाला संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलल्या नाहीत.

आणखी सहा आठवड्यांनी ऑपरेशन झाले. या वेळी गोळीची डबी सुनेच्या ताब्यात होती. पट्टी निघाल्यावर मी भेटायला गेलो. नातवाने फरसाणाची पुडी आणली होती. खालांनी ती हातात घेतली, उलटी केली, उजेडात धरली आणि मागचा बारीक आकडा मला वाचून दाखवला. मग म्हणाल्या, "आता अडीचने तू गुण."