यंत्राच्या चित्राची वंशावळ

संगणकावर यंत्रभागाचे चित्र काढायचे म्हणजे कागदावरची रेघ पडद्यावर मारायची, असा पुष्कळांचा समज असतो. माझा रोजचा उद्योग हाच आहे, म्हणून सांगतो. पडद्यावर दिसतो तो नुसता आकार. त्याच्यामागे नात्यागोत्यांचे मोठे जाळे असते.

एक साधे झाकण घ्या. आधी पाटी काढली. तिच्या कडेपासून 20 मिलिमीटरवर बोल्टचे भोक पाडले. भोकाच्या मध्यापासून मोजून एक आधारपट्टी उभी केली. आता पाटी रुंद केली की भोक आपोआप सरकते आणि त्याच्यामागोमाग पट्टीही. इव्हान सदरलँड यांच्या 1963 च्या ‘स्केचपॅड’मध्ये रेषांना अशी बंधने घालण्याची सोय होती. 1980च्या दशकाच्या अखेरीस ‘प्रो-इंजिनिअर’ आले आणि ही पद्धत कारखान्यांत रुजली. या नात्याला आमच्या धंद्यात ‘पॅरेंट-चाइल्ड’ म्हणतात. पाटी आई, भोक तिचे लेकरू, पट्टी नात.

झाकणात तीनच माणसे आहेत. गिअरबॉक्सच्या पेटीत शंभर असतात. पडद्याच्या डाव्या बाजूला त्यांची यादी दिसते, पण ती मुख्यतः कोण आधी जन्मले आणि कोण नंतर, एवढेच सांगते. कोण कुणाच्या आधारावर उभे आहे, हे त्यातून नीट कळत नाही. एखादी शोभेची गोलाई काढून टाकावी आणि दहा भाग लाल व्हावेत, असे घडते. लाल झाले तर बरेच म्हणायचे, निदान चूक दिसते. एखादे भोक गुपचूप दोन मिलिमीटर सरकले, तर ते कळेपर्यंत धातू कापून झालेला असतो.

इथे जोडसॉफ्टवेअर उपयोगी पडते. ‘फ्रीकॅड’ हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर घ्या. त्यात ‘डिपेन्डन्सी ग्राफ’ अशी आज्ञा आहे. तिच्यासाठी ‘ग्राफव्हिझ’ नावाचा वेगळा प्रोग्रॅम संगणकावर बसवावा लागतो. फ्रीकॅड त्याला भागांची नावे आणि नाती पुरवते. ग्राफव्हिझ प्रत्येक भागाची चौकट काढते आणि बाण शक्यतो एकमेकांना छेदणार नाहीत, अशी मांडणी करते. तयार होते ती चक्क वंशावळ!

दुसऱ्याने केलेले जुने चित्र हाती आले की मी प्रथम हा नकाशा उघडतो. ज्या चौकटीवर पुष्कळांचा भार आहे, तिला विचार केल्याशिवाय हात लावायचा नाही. जिच्यावर कुणीच अवलंबून नाही, ती निर्धास्त बदलावी. बाण फिरून मूळ जागी आले, तर दोघे एकमेकांची वाट पाहत बसले आहेत, असे समजावे. संगणकाचा हिशेब तिथेच अडतो.

मात्र हा नकाशा फक्त पाहण्यासाठी आहे. दुरुस्ती मूळ चित्रातच करावी लागते. शिवाय नाते आहे एवढेच तो सांगतो, ते का जोडले हे नाही. पूर्वी एखादी नवी खाच पाडली की पृष्ठभागांचे क्रमांक बदलत आणि नाते भलत्याच पृष्ठभागाशी जुळे. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या फ्रीकॅड 1.0 ने तो त्रास पुष्कळ कमी केला.

म्हणून नवशिक्यांना माझे दोनच गोष्टींचे सांगणे असते. मापे गोलाईच्या कडेवरून न घेता मूळ प्रतलांवरून घ्या. आणि ‘पॅड 001’, ‘पॅड 002’ अशी आपोआप पडलेली नावे तशीच न ठेवता ‘बोल्टची पाटी’, ‘आधारपट्टी’ अशी ओळखू येणारी नावे द्या. उद्या हे चित्र दुसऱ्या कुणाच्या हाती जाईल, तेव्हा विचारायला आपण शेजारी नसू.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)